आपल्या तासाचा भाव काय?

हातात काम असेल तर ते चालू द्या. निवडणं, सोलणं, वाती वळणं, काहीही असो. कान तेवढे इकडे असू द्या.

आज बोलायचं आहे ते वेळेबद्दल. पहाटे लवकर उठा, आळस करू नका, असलं काही मी सांगणार नाही. लवकर उठायला आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. आज एक हिशेब मांडायचा आहे. गटाच्या धंद्यात आपण जो वेळ घालतो, त्याचं आपल्या पदरात काय पडतं, त्याचा हिशेब.

गटाची वही उघडून बघा. शेंगदाणे किती आणले, तिखट किती, पिशव्या किती, गाडीभाडं किती, सगळं लिहिलेलं असतं. बाजारात घेतलेला दहा रुपयांचा चहासुद्धा लिहिलेला असतो. पण या मालाला आपले तास किती लागले, तो रकाना वहीत नसतो. का नसतो? शेंगदाणे दुकानातून आणावे लागतात आणि तास घरचाच असतो, म्हणून. घरचं ते फुकटचं, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. विहिरीचं पाणी फुकट, तसा बाईचा वेळ फुकट. पण विहीरसुद्धा मे महिन्यात तळ दाखवते, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

चला, एक उदाहरण घेऊ. आकडे मी समजायला सोपे धरले आहेत. तुमच्या गावचे भाव तुम्ही घाला.

समजा, पाच जणींचा गट आहे आणि त्या शेंगदाण्याची चटणी करतात. महिन्याला २० किलो चटणी विकतात, ३२० रुपये किलोनं. आले ६,४०० रुपये. शेंगदाणे, तिखट, लसूण, जिरं, मीठ मिळून ३,४०० गेले. पिशव्या, लेबल आणि गॅसला ५०० गेले. गाडीभाड्याला ५०० गेले. एकूण खर्च ४,४००. हातात राहिले २,०००. पाच जणींना प्रत्येकी ४००. बैठकीत सगळ्या म्हणतात, चला, नफा झाला, चार पैसे सुटले.

आता तास मोजू. निवडणं आणि भाजणं, सगळ्यांचे मिळून १४ तास. सोलणं, पाखडणं १० तास. उखळात कुटणं २० तास. वजन करून पिशव्या भरणं ६ तास. महिन्यात चार आठवडी बाजार, प्रत्येक बाजाराला दोघी जातात आणि जाऊन-येऊन पाच तास मोडतात, म्हणजे ४० तास. उधारी मागायला घरोघर फिरणं १० तास. बेरीज करा. बरोबर १०० तास झाले.

दोन हजार रुपये आणि शंभर तास. तासाला २० रुपये पडले. आठ तासांचा दिवस धरला, तर दिवसाला १६० रुपये. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी २०२५-२६ या वर्षासाठी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. म्हणजे आपल्याच धंद्यात, आपणच मालकीण असून, आपण स्वतःला जवळजवळ अर्ध्या मजुरीवर राबवतो आहोत. दुसऱ्या कुणी या दरानं कामाला बोलावलं असतं, तर आपण गेलो असतो का? तोंडावर नाही म्हटलं असतं.

आता घाबरून धंदा बंद करायचा नाही. शंभर तास सगळे सारखे नसतात. काही तास दुधाळ गायीसारखे असतात आणि काही तास नुसतेच वैरण खातात. कोणता तास कसला आहे, तेवढं ओळखायचं.

परत त्याच गटाकडे येऊ. वीस किलोपैकी १२ किलो चटणी तर ठरलेली गिऱ्हाइकं नेतात. एक खानावळ आहे, शाळेतल्या बाई आहेत, शहरात राहणारी माहेरची माणसं आहेत. चार बाजारांत मिळून खपते ती ८ किलो. त्यातही दोन बाजार चांगले आहेत, तिथं तीन-तीन किलो जाते. उरलेल्या दोन बाजारांत जेमतेम एक-एक किलो.

या दोन पडेल बाजारांचा वेगळा हिशेब करू. दोन किलोचे आले ६४० रुपये. त्यातून मालाचे, पिशव्यांचे आणि गॅसचे, किलोला १९५ प्रमाणे ३९० वजा केले, राहिले २५०. जायला-यायला दोन्ही बाजारांचं भाडं २०० रुपये. हातात उरले ५०. आणि त्यासाठी तास गेले वीस! तासाला अडीच रुपये. दोघी जणी डोक्यावर डबे घेऊन उन्हात गेल्या, धूळ खाल्ली, संध्याकाळी दमून आल्या आणि घरी येऊन परत चुलीपुढे बसल्या. कशासाठी, तर तासाला अडीच रुपयांसाठी. वहीत तासांचा रकाना नव्हता, म्हणून हे कुणाला कळलंच नाही. वहीत दिसत होतं ते इतकंच, की चार बाजार केले आणि वीस किलो माल खपला.

म्हणून माझं पहिलं सांगणं. काम वाढवायच्या आधी एखादं काम सोडून बघा. आपल्याला सवय कसली आहे? पैसे कमी पडले की अजून एक पदार्थ करायचा, अजून एक बाजार धरायचा, अजून एक तास जागायचं. आधी वैरण खाणारे तास शोधा. ते सोडले तर बहुतेक वेळा फार काही हातचं जात नाही.

मात्र सोडताना डोळे उघडे ठेवा. एखाद्या बाजारात माल कमी खपतो, पण तिथं चव घेतलेली माणसं नंतर फोन करून दोन-दोन किलो मागवतात, असंही असतं. मग तो बाजार पडेल नाही. म्हणून बाजारात जाताना वही-पेन न्या. नवीन गिऱ्हाइकाचं नाव आणि नंबर त्याला विचारून लिहून घ्या आणि कोणत्या बाजारातलं ते पुढं लिहा. दोन महिन्यांनी वहीच सांगेल, कोणता बाजार ठेवायचा. आणि आणखी एक. बाजाराला जाणं हीच कित्येकींची आठवड्यातली मोकळी हवा असते. मैत्रीण भेटते, चार शब्द बोलता येतात. त्यासाठी जायचं असेल तर खुशाल जा. मोकळी हवा ही काही वाईट गोष्ट नाही. फक्त तो वेळ धंद्याच्या खात्यावर टाकू नका.

दुसरं सांगणं, एकदा मांडलेला पसारा पुरता वापरा. चूल पेटवणं, कढई काढणं, उखळ धुणं, शेवटी सगळं आवरणं, याला दोन किलोसाठी जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढाच दहा किलोसाठी लागतो. आठवड्यातून तीनदा थोडी थोडी चटणी करण्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा दिवस ठरवून करा. पण याला मर्यादा आहे. कुटलेल्या शेंगदाण्याला तेल सुटतं आणि जुनी चटणी खवट लागते. पंधरवड्यात खपेल तेवढीच करा. वेळ वाचवायच्या नादात गिऱ्हाईक घालवू नका.

तिसरं, एकदा करून अनेकदा कामाला येतील अशी कामं आधी उरकून टाका. एका घाण्याला शेंगदाणे किती, तिखट किती, मीठ किती, हे मापासकट मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा. मग एखादी आजारी पडली तर दुसरीला विचारत बसावं लागत नाही आणि चव बदलत नाही. भावाचा तक्ता लिहून ठेवा. अन्नसुरक्षेची नोंदणी करून घ्या. गिऱ्हाइकं फोनवर तेच तेच प्रश्न विचारतात. लसूण आहे का, किती दिवस टिकते, घरपोच मिळेल का. त्याची उत्तरं एकदा नीट बोलून मोबाईलवर आवाजात भरून ठेवा. कुणी विचारलं की तोच निरोप पाठवायचा. अशा कामात आज एक दिवस जातो, पण तो वर्षभर परत येत राहतो. विहिरीला मोटर बसवताना एकदाच खर्च होतो आणि पाणी रोज वर येतं, तसंच हे.

चौथं, उधारी. वसुलीचे ते दहा तास आठवा. एकच माल आपण दोनदा विकत असतो, एकदा देताना आणि एकदा पैसे मागताना. "वहिनी, पुढच्या आठवड्यात देते हं," असं ऐकून परत यायचं आणि वर वाईटपणाही आपल्याच वाट्याला. त्यापेक्षा करायच्या आधीच मागणी विचारून घ्या. कुणाला किती हवं, ते आदल्या रविवारी लिहून घ्या. माल देताना पैसे घ्या, रोख नाहीतर मोबाईलवरून. क्यूआर कोडचा कागद डब्यालाच चिकटवून ठेवा. नात्यातल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. तेव्हा गटाचं नाव पुढं करायचं. "ताई, माझ्या एकटीचं असतं तर प्रश्न नव्हता, पण गटाचा ठराव आहे." ठराव खरोखरच करा. नियम गटाचा असला, की एकटीवर राग निघत नाही.

पाचवं, कोणतं काम हातचं ठेवायचं आणि कोणतं यंत्राला द्यायचं. समजा, गावातल्या कांडप यंत्रावर किलोला १० रुपये घेतात. वीस किलोचे २०० रुपये होतील आणि कुटण्याच्या वीस तासांतले सोळा वाचतील. वाचलेला तास साडेबारा रुपयांना पडला. आपला तास वीस रुपयांचा असेल, तर यंत्र स्वस्त झालं. पण थांबा. गिऱ्हाईक आपल्याकडे येतं ते उखळातल्या चवीसाठी येत असेल तर? मग तेच काम आपलं खरं भांडवल आहे, ते हातचं सोडायचं नाही. कळणार कसं? एक घाणा यंत्रावर करा आणि नेहमीच्या पाच गिऱ्हाइकांना न सांगता चाखायला द्या. फरक कळला तर उखळ ठेवा. नाही कळला तर पाठ आणि खांदे वाचवा.

कामाची वाटणी कशी करावी, याचं आपल्याच महाराष्ट्रातलं एक मोठं उदाहरण आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. तीच पुढं लिज्जत पापड म्हणून देशभर गेली. तिथली पद्धत बघा. पीठ केंद्रावर एकत्र मळलं जातं. बायका ते मळलेलं पीठ घरी नेतात, आपल्या सोयीनं लाटतात, वाळवतात आणि तयार पापड केंद्रावर आणून देतात. लाटणारी बाई लाटण्याचंच काम करते. तिला डाळ आणायला जावं लागत नाही, दारोदार पापड विकावे लागत नाहीत की पैसे मागत फिरावं लागत नाही. आपल्या गटात मात्र पाचही जणी पाचही कामं करतात, कारण "सगळ्यांनी सारखं करायचं" असं ठरलेलं असतं. सारखं म्हणजे तेच काम नव्हे. सारखे तास, असं धरा. जिचा हात भाजण्यात बसला आहे तिनं भाजावं, जिची जीभ गोड आहे तिनं मागणी घ्यावी. फक्त हिशेब सगळ्यांना यायला हवा. ते काम एकटीवर सोडू नका.

आता हे सगळं त्या गटानं केलं असं समजू. दोन पडेल बाजार सोडले. एकदम मोठा घाणा काढायला लागल्या. उधारी कमी केली. कुटणं उखळातच ठेवलं. तास किती झाले? निवडणं, भाजणं १०. सोलणं, पाखडणं ८. कुटणं २०. भरणं ५. दोन बाजार २०. वसुली ३. एकूण ६६ तास. विक्री दोन किलोनं घटली, १८ किलो राहिली. खर्च आला ३,८१०. जुन्याच भावानं विकली तर हातात १,९५० राहतात. पन्नास रुपये कमी झाले खरे, पण चौतीस तास मोकळे झाले. आणि किलोला फक्त २० रुपये वाढवून ३४० केले, तर राहतात २,३१०. तासाला ३५ रुपये, आठ तासांचे २८०. दोन किलो माल कमी विकला आणि ३१० रुपये जास्त सुटले. मजुरीच्या ३१२ला अजून पोचलो नाही, पण आता पुढची पायरी कोणती ते तरी दिसतं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं बोलते. वाचलेले ते चौतीस तास जाणार कुठं?

केंद्र सरकारनं २०२४ साली देशभर पाहणी केली, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, असं दिसलं. म्हणजे जवळजवळ पावणेपाच तास. असं काम करणाऱ्या पुरुषांची जातात ८८ मिनिटं, दीड तासही नाही. धंद्याचे तास आपण काढतो ते या पावणेपाच तासांच्या वर. ते बहुतेक वेळा झोपेतून काढलेले असतात.

आणि कधी कधी ते पोरीकडूनही घेतलेले असतात. सोलण्याचे दहा तास आपण मोजले. ते नक्की कुणाचे होते? बऱ्याच घरांत शाळेत जायच्या आधी पोरगी अर्धा तास शेंगदाणे सोलते. महिन्यात असे वीस दिवस धरले, की दहा तास झाले. तिला पैसे नाहीत, वहीत नाव नाही आणि परीक्षेत मार्क कमी पडले की बोलणी मात्र तिलाच. आपला तास फुकट धरला गेला याचं आपल्याला वाईट वाटतं ना? मग तिचाही धरू नका. तिचे तास तिच्या नावानं वहीत लिहा. एकदा का ते कागदावर दिसले, की घरातलं कुणीतरी विचारील, हिचंच नाव का, हिच्या भावाचं का नाही? हा प्रश्न घरात निघाला पाहिजे.

म्हणून वाचलेला वेळ आधीच वाटून ठेवा, बैठकीत बोलून. पाच जणींना चौतीस तास, म्हणजे प्रत्येकीला महिन्याला जवळजवळ सात तास. एकीला लोणच्याचं शिकायचं असेल. एकीला दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्यायचं असेल, जे दोन वर्षं राहून गेलंय. एकीला दुपारी नुसतं आडवं व्हायचं असेल. तेही काम समजा. वेळ वाटून ठेवला नाही, तर घर तो गिळून टाकतं आणि कुणी गिळला तेही कळत नाही.

बैठकीचंही बोलून टाकते. बारा जणी दोन तास बसल्या, की चोवीस तास झाले. बाईच्या मजुरीचे तीन दिवस. बैठक बंद करा असं मी म्हणत नाही. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि नोंदी ही आपली पंचसूत्रीच आहे. पण काय बोलायचं ते आधी ठरवा, वेळेवर सुरू करा आणि काम एका तासात आटपा. पुढचा तास गप्पांचा, ज्यांना थांबायचं त्यांनी थांबावं.

आता शेवटी, तास मोजायचे कसे? घड्याळ बघून लिहिणं जमत नसेल तरी अडत नाही. घरात चिंचोके असतातच. पाच रिकामे डबे घ्या. एक तयारीचा, म्हणजे निवडण्या-भाजण्या-सोलण्याचा, एक कुटण्याचा, एक भरण्याचा, एक बाजाराचा, एक वसुलीचा. अर्धा तास काम झालं, की त्या डब्यात एक चिंचोका. पोरीनं केलं तर तिचा चिंचोका वेगळ्या रंगानं रंगवा. एक महिना एवढंच करा, काही बदलू नका. महिन्यानं सगळ्यांनी मिळून डबे ओता आणि चिंचोके मोजा. दोन चिंचोक्यांचा एक तास. मग हातात राहिलेल्या रुपयांना त्या तासांनी भागा. भागाकार येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून करून घ्या, तेवढाच त्याचा अभ्यास होईल.

जो आकडा येईल तो कमी असला तरी खाली मान घालू नका. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि दर महिन्याला त्याच्याखाली नवा आकडा लिहीत जा. आणि कुणी विचारलं, "घरीच तर असता, तुम्हाला वेळेचं काय एवढं?" तर आता आपल्याकडे उत्तर आहे. वही उघडून दाखवायची.

पुढच्या महिन्यात तुमच्या गटाचा आकडा काय आला, तो आपल्या रेडिओला नक्की कळवा. ऐकत राहा, आणि चिंचोके फेकू नका. नमस्कार.